सामायिक गरम पाणी व्यवस्था (पुणे)

सोसायटीच्या गच्चीवर एकाच ठिकाणी पाणी तापवून ते सगळ्या सदनिकांना नळाने पुरवण्याची सोय. पुण्यात तिला सरसकट ‘सोलर’ म्हणतात. ‘सोलर आलं का?’ म्हणजे नळाला गरम पाणी आलं का, एवढाच अर्थ. वाड्यांतल्या तांब्याच्या बंबाची जागा आधी गीझरने घेतली, मग काही अंशी हिने.

थंड देशांतले डिस्ट्रिक्ट हीटिंग ही हिची थोरली बहीण. (यातला डिस्ट्रिक्ट म्हणजे वस्ती, आपला जिल्हा नव्हे.) बर्डसिल हॉली यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे एका केंद्रातली वाफ नळांतून घरोघर पोहोचवली. डेन्मार्कमध्ये आज सुमारे दोन तृतीयांश घरे अशा जाळ्यांवर आहेत. घरोघरच्या उष्णता-मीटरमुळे कोणत्या इमारतीतून पाणी गरमच परत येते, म्हणजे कुठे झडप बिघडली, ते तिथे बसल्या जागी कळते. तेवढे दुरुस्त केले की सबंध जाळ्यातले तापमान उतरवता येते, वाटेत वाया जाणारी उष्णता घटते आणि इंधन वाचते.

पुण्यात घर तापवावे लागत नाही, प्रश्न आंघोळीचा. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४.७ युनिट वीज लागते. देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे हा हिशेब ३ किलोंच्या वर. ऊन हेच काम फुकट करते, शिवाय महापालिका सोलरसाठी मिळकतकरात सवलतही देते. तरी गीझर सुटत नाही, त्याचे कारण बहुधा नळीत सापडते. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर नळीत ७ लिटरांहून जास्त पाणी मावते आणि रात्रभरात ते गार होते. पहाटे पहिल्या उठणाऱ्याने अर्धी बादली ओतून द्यायची, नाहीतर गीझरचे बटण दाबायचे. बटण सोपे.

यावर उपाय म्हणजे नळीतले गार झालेले पाणी टाकीत माघारी नेणारी परतीची नळी आणि छोटा पंप. पण पंप रात्रभर फिरला तर टाकीतली ऊब नळ्यांवाटे हवेत जाते; म्हणून तो घड्याळ आणि तापमानाचा सेन्सर पाहून चालवावा लागतो. याहून मोठी चूक कॉइलची, म्हणजे ऊन नसेल तेव्हा पाणी तापवायला टाकीत बसवलेल्या विजेच्या दांडीची. संध्याकाळी गरम पाणी वापरले जाते, टाकीत गार पाणी शिरते, थर्मोस्टॅट ते रात्रीच विजेवर तापवतो आणि सकाळी उन्हाला कामच उरत नाही. स्मार्ट नियंत्रक टाकीचे तापमान, रोजचा वापर आणि ढगांचा अंदाज जुळवून कॉइल पहाटे, लागेल तेवढीच लावतो. आषाढ-श्रावणात मात्र त्यालाही विजेवाचून गत्यंतर नसते. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचले असतील, तर ते काम प्लंबरचेच.

मागच्या दिवसांच्या सवयीवरून शिकणारा नियंत्रक नरक चतुर्दशीला हमखास चुकतो, कारण सगळी इमारत सूर्योदयाआधी एकदमच न्हाते. त्यामुळे आदल्या रात्री सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर जाऊन कॉइल हातानेच चालू करून येतात.