व्यक्तिगत जबाबदारी आणि सामाजिक परिस्थिती

माणसाचे आयुष्य त्याच्या निवडींनी, कष्टांनी आणि सवयींनी घडते, की कुटुंब, वस्ती, शाळा, कायदे व बाजार यांनी, हा समाजशास्त्र, नीतिशास्त्र आणि शासकीय धोरण या तिन्ही क्षेत्रांतील जुना वाद आहे. त्यात दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते: एखादी गोष्ट कशामुळे घडली आणि तिचा जाब कोणाला विचारायचा. पहिल्याचे उत्तर पुराव्याने मिळू शकते. दुसऱ्यासाठी न्यायाची कल्पनाही स्पष्ट असावी लागते.

परिस्थितीच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतला आहे. १९९४ ते १९९८ या काळात बोस्टन, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्क येथील गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांची सोडत काढण्यात आली. एका गटाला घरभाड्यासाठी मदत मिळाली, पण ती कमी गरिबी असलेल्या भागातच वापरायची होती. संधी कोणाला मिळाली हे चिठ्ठीने ठरले, कोणाच्या जिद्दीने नव्हे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, वयाच्या तेराव्या वर्षाआधी ज्यांची वस्ती बदलली त्या मुलांची कमाई पंचविशीच्या आसपास सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. त्याहून मोठ्या मुलांना असा लाभ झाला नाही, आईवडिलांच्या कमाईतही वाढ दिसली नाही. म्हणजे वस्तीचा परिणाम मोठा, पण तो वयावर अवलंबून. 'संधी द्या, बाकी आपोआप होईल' असे यातून निघत नाही.

ब्रिटनमध्ये १९६७ पासून झालेली सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणीही महत्त्वाची आहे. सर्वांना कायमची नोकरी होती, तरी सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला. धूम्रपानासारख्या सवयींनी त्यातला काही भागच उलगडला.

दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा दीर्घ अभ्यास आहे. लहानपणीचा आत्मसंयम ज्यांच्यात अधिक, त्यांचे तिशीतले आरोग्य व आर्थिक स्थिती चांगली होती. घरची सांपत्तिक स्थिती आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. मात्र तीन वर्षांच्या मुलाने आपला आत्मसंयम स्वतः निवडलेला नसतो. त्यामुळे हा पुरावा व्यक्तीच्या गुणांचे महत्त्व सिद्ध करतो, तिचे श्रेय किंवा दोष नव्हे. दोन्ही घटकांची टक्केवारीत वाटणी करण्याचा खटाटोपही फसवा आहे, कारण तेवढ्याच कष्टांचे फळ वेगवेगळ्या परिस्थितीत वेगवेगळे मिळते.

तत्त्वज्ञानात रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८१ मध्ये जाणूनबुजून पत्करलेली जोखीम आणि अंगावर कोसळलेले दुर्दैव यांत फरक केला: भरपाई दुर्दैवाची व्हावी, जोखमीचे परिणाम ज्याचे त्याने सोसावेत. एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ मध्ये अशा विचारसरणीवर घेतलेला आक्षेप अधिक पटण्याजोगा आहे. विमा न काढता बेदरकारपणे गाडी चालवून अपघातात सापडलेल्या माणसाला, चूक त्याचीच म्हणून, रस्त्यावर तसेच सोडायचे का? शिवाय मदतीआधी प्रत्येकाचा दोष तपासायचा, तर गरजूला आपली असहायता सिद्ध करत बसावे लागते आणि सरकारला त्याच्या खासगी आयुष्यात डोकवावे लागते.