रेडिओ-लहरी तापन (धान्यातील कीडनियंत्रण)

साठवणीच्या धान्यातील कीड रासायनिक धुरीऐवजी रेडिओ लहरींनी निर्माण केलेल्या उष्णतेने मारण्याची पद्धत. धातूच्या दोन समांतर पत्र्यांमध्ये धान्य ठेवून त्यांच्यावर उच्च वारंवारतेचा विद्युत दाब देतात. विद्युत क्षेत्राची दिशा सेकंदात कोट्यवधी वेळा उलटते. त्यामुळे दाण्यातील आयन (विद्युतभारित कण) मागेपुढे ढकलले जातात, पाण्याचे रेणू हेलकावतात आणि दाणा आतूनच तापतो. उद्योगांसाठी राखून ठेवलेल्या १३.५६, २७.१२ व ४०.६८ मेगाहर्ट्झ या वारंवारता त्यासाठी वापरतात. २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर, तर घरगुती मायक्रोवेव्हची सुमारे १२ सेंटिमीटर असते. म्हणून धान्याच्या जाड थरातही रेडिओ लहर खोलवर शिरते.

आतून तापणे हाच येथे कळीचा मुद्दा. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी दाण्यातच वाढते, त्यामुळे चाळणे-पाखडणे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. चैत्र-वैशाखात अंगणात धान्याला ऊन देण्यामागेही उष्णतेचेच तत्त्व आहे. पण उन्हात वरचा थर तापतो आणि किडे खालच्या सावलीत सरकतात.

किडीच्या शरीरात पाणी व क्षार कोरड्या दाण्यापेक्षा खूप जास्त, म्हणून ती दाण्याआधी तापावी, अशी अपेक्षा असते. अमेरिकी कृषी खात्यातील स्टुअर्ट नेल्सन यांनी यावर अनेक दशके काम केले. त्यांच्या प्रयोगांत गव्हातील प्रौढ सोंडकिडे ३९ मेगाहर्ट्झला धान्य सुमारे ४० अंश सेल्सिअस झाले असतानाच मेले. २४५० मेगाहर्ट्झला, म्हणजे मायक्रोवेव्हच्या वारंवारतेला, धान्य ८० अंशांपलीकडे न्यावे लागले. तरीही प्रत्यक्षात या फरकावर विसंबत नाहीत, सगळे धान्यच मारक तापमानाला नेतात. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील चाचण्यांत भुंगेऱ्यांसाठी मसूर ६० अंशांपर्यंत तापवून गरम हवेत १० मिनिटे ठेवला गेला.

या संशोधनाला जोर आला तो मिथाइल ब्रोमाइड या धुरीच्या वायूमुळे. ओझोन थराला घातक असलेला हा वायू माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी २००५पर्यंत व विकसनशील देशांनी २०१५पर्यंत, विलग्नवास (कीड पसरू नये म्हणून मालावर करायची प्रक्रिया) व निर्यातपूर्व प्रक्रियेचा अपवाद वगळता, बंद करायचा होता. धुरीसाठी उरलेल्या फॉस्फिन वायूला अनेक किडी दाद देईनाशा झाल्या आहेत.

खरी अडचण असमान तापण्याची आहे. पेटीच्या कडा व कोपरे जास्त तापतात, ओलसर भाग आणखी वेगाने तापतो. जिथे धान्य थंड राहते तिथे कीड वाचते. उपाय म्हणून धान्य पट्ट्यावरून सरकवतात, मध्येच ढवळतात, गरम हवा सोडतात. खर्चाचेही पाहावे लागते : एक टन गहू २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास, विजेचा कण न् कण उष्णतेत उतरला असे धरले तरी, सुमारे १७ युनिट लागतात. यंत्र महाग ते वेगळेच. धान्यावर विषाचा अंश राहत नाही हा गुण. पण त्यामुळेच पुढचे संरक्षणही मिळत नाही, उघड्या पोत्यात कीड पुन्हा शिरते. बियाण्याच्या बाबतीत विशेष जपावे लागते, कारण ओलावा जास्त असेल तर किडीबरोबर कोंबही मरतो.