खणणाऱ्या भुंगेऱ्याचं कूळ ओळखताना

ब्राझीलच्या बाहिया आणि मिनास जेराइस भागांत हायपोसेफॅलस आर्मेटस नावाचा एक दुर्मीळ भुंगेरा आढळतो. लांबी चार-पाच सेंटिमीटर. डोकं पार खाली वळलेलं, छातीचा पुढचा भाग अवाढव्य, मागच्या मांड्या टम्म फुगलेल्या. पाठीवरचे कडक पंख जुळलेले, त्यामुळे उडणं नाहीच. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ देमारे यांनी 1832 मध्ये त्याचं वर्णन केलं, पण कुळाचा वाद मिटेना. 1876 मध्ये अमेरिकेचे कीटकशास्त्रज्ञ जॉन लकाँट यांनी केवळ याच्या नातेसंबंधांवर एक लेख लिहिला.

घोळ कशाने झाला? याचं नातं लांब मिशांच्या भुंगेऱ्यांशी, पण त्यांच्या खुणा याच्यात दिसत नाहीत. आपल्या आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड हा लांब मिशांच्या भुंगेऱ्यांपैकी. त्याच्या पावलाचा तिसरा सांधा दुभंगलेला आणि खाली केसाळ गादीचा असतो; चौथा इवलासा, त्याच्या बेचक्यात दडलेला. म्हणून पाच सांधे असून चारच मोजले जातात. ही या गटाची नेहमीची खूण. हायपोसेफॅलसच्या पावलाला ना गादी, ना दुभंग. पाचही सांधे सरळ मोजता येतात. मिशाही आखूड. खुणांचा तक्ता धरून चाललात की हा पहिल्याच पायरीला गटाबाहेर पडतो. माती उकरणाऱ्या किड्याचे पाय, डोकं आणि मिशा कामानुसार बदलतात, त्यामुळे नातं ठरवताना त्यांच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं, असं आमचं ठाम मत आहे.

अशा किड्याचं कूळ तपासायचं तर वाळलेला नमुना आधी मऊ करावा. बंद डब्यात ओली वाळू, वर जाळी, बुरशी धरू नये म्हणून फिनाईलचे दोन थेंब, आणि एक-दोन दिवस थांबायचं. घाई केली तर नेमकं पाऊलच तुटतं. सांध्यांतली माती कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने काढावी. मातीखाली सांधा लपला तर मोजणी चुकते. सहाही पायांचे सांधे मोजावेत, कारण जुन्या नमुन्यांत तुटलेला पाय दुसऱ्याचा चिकटवलेला असू शकतो.

मग नराचं जननांग. खणण्याशी त्याचा संबंध नसल्याने ते जास्त विश्वासाचं. पोटाच्या टोकातून काढून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या कोमट द्रावणात ठेवावं आणि दर काही मिनिटांनी पाहावं. स्नायू विरघळले की लगेच बाहेर. विसरलात तर पातळ पडदेही पारदर्शक होऊन दिसेनासे होतात. धुऊन ग्लिसरीनमध्ये ठेवावं, म्हणजे हवं तसं फिरवून बघता येतं.

आज हा भुंगेरा लांब मिशांच्या भुंगेऱ्यांपासून वेगळ्या काढलेल्या व्हेस्पेरिडी कुळातल्या अ‍ॅनोप्लोडर्मॅटिनी उपकुळात धरतात. ब्राझीलमध्ये उसाच्या मुळांना लागणारा मिग्डोलस त्याचा भाऊबंद. या कुळाच्या अळ्या लाकडात न राहता मातीत राहून मुळं खातात, आणि कूळ वेगळं करताना अळ्यांच्या खुणांना मोठं वजन मिळालं.

डीएनएसाठी ताजा नमुना 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मॅलिन लागलं की डीएनए खराब होतो. एका बाजूचा मधला पाय पुरतो. दुसऱ्या बाजूचा जोडीदार मोजणीसाठी शाबूत राहू द्यावा.