थेंबाचा कोन आणि पृष्ठभागाची ऊर्जा

काचपट्टी साबणाने घासून, खळखळून धुऊन वाळवा आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. तो पसरतो, जवळजवळ सपाट होतो. आता कपाळावरून फिरवलेलं बोट त्याच काचेवर टेकवा आणि त्या ठशावर दुसरा थेंब सोडा. हा अंग आक्रसून फुगीर राहतो. काच तीच, पाणीही तेच. मधे आला तो फक्त तेलाचा थर, तोही डोळ्यांना धड दिसू नये इतका पातळ. थेंबाला मात्र तो लगेच कळतो.

थेंबाची कड जिथे काचेला टेकते तिथे दोघांमध्ये, थेंबाच्या आतल्या बाजूने, जो कोन होतो, तो स्पर्शकोन. तो मोजायला महागडं यंत्र असलंच पाहिजे असं नाही. थेंब अगदी लहान असेल तर तो गोलाचा काप मानता येतो. मग त्याची उंची भागिले तळाची त्रिज्या म्हणजे अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. मोबाइलने बरोबर बाजूने फोटो काढला, उंची 1 मिमी आणि तळाची रुंदी 2 मिमी भरली, तर कोन 90°. इतकं सोपं!

हा कोन पृष्ठभागाच्या ऊर्जेबद्दल बोलतो. पदार्थाच्या पोटातल्या रेणूला चहूकडून शेजारी धरून असतात; पृष्ठभागावरच्या रेणूची एक बाजू उघडी पडते. ही उघडी बाजू तयार करायला लागणारी ऊर्जा म्हणजे पृष्ठीय मुक्त ऊर्जा. 20° सेल्सिअसला पाण्याची ही ऊर्जा चौरस मीटरला 72.8 मिलिज्यूल असते. पॉलिथिनची साधारण 31, टेफ्लॉनची 20 च्या आसपास. द्रवात बुडवलेलं कडं वर ओढून लागणारा जोर मोजला की द्रवाचा आकडा थेट हाती येतो. घन पदार्थाचं तसं होत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग द्रवासारखा मुकाट्याने वाढत नाही. म्हणून थेंबाला विचारायचं.

1805 मध्ये थॉमस यंग यांनी या कोनामागचा समतोल मांडला, तोही समीकरण न लिहिता, निव्वळ शब्दांत. घन पदार्थाची ऊर्जा ही घन-द्रव सीमेची ऊर्जा अधिक द्रवाचा पृष्ठताण (म्हणजे द्रवाची तीच पृष्ठीय ऊर्जा, आकडाही तोच) गुणिले कोनाचा कोसाइन, एवढी असते. पण अडचण इथेच आहे. यातला पृष्ठताण आणि कोन आपण मोजू शकतो. उरलेल्या दोन्ही राशी अज्ञात. एका समीकरणात दोन अज्ञातं!

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिसमन यांनी यावर सरळ वाट काढली. एकाच पृष्ठभागावर कमी-कमी पृष्ठताणाचे द्रव ठेवत जायचं, कोसाइनचा आलेख काढायचा आणि कोन शून्य होईल तिथपर्यंत रेघ वाढवायची. टेफ्लॉनसाठी ती 18.5 ला पोचते. त्याहून कमी पृष्ठताणाचा द्रव टेफ्लॉनवरही पसरतो.

1969 मध्ये ओवेन्स आणि वेंट यांनी ऊर्जेचे दोन भाग केले: सगळ्याच रेणूंमध्ये असणारं क्षीण आकर्षण आणि ध्रुवीय आकर्षण, म्हणजे पाण्यासारख्या, विद्युतभार असमान वाटलेल्या रेणूंमधलं. दोन अज्ञातं, म्हणून दोन द्रव. डायआयोडोमिथेन या द्रवाचा पृष्ठताण 50.8, आणि तो जवळजवळ सगळा पहिल्या प्रकारचा. समजा, एखाद्या प्लास्टिकवर त्याचा कोन 60° आला. मग प्लास्टिकचा पहिला भाग येतो 28.6. त्याच प्लास्टिकवर पाण्याचा कोन 90° आला, तर ध्रुवीय भाग निघतो जेमतेम 2.6. बेरीज साधारण 31. हा आकडा थेंबातून थेट आलेला नाही, थेंब आणि गृहीतकं मिळून आलेला आहे. म्हणून कोणते द्रव वापरले आणि कोणती रीत, हे न सांगता नुसती ऊर्जा छापणं मला अर्धवट वाटतं.

अळवावरचं पाणी तर या हिशोबात बसतच नाही. अळवाच्या पानावर कोन 150° च्या पुढे जातो, आणि सपाट पृष्ठभागावर, अगदी फ्लोरिनयुक्त रेणूंनी मढवलेल्या, पाण्याचा कोन 120° च्या फारसा वर जात नाही. उरलेली करामत पानावरच्या मेणाच्या बारीक उंचवट्यांची. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि थेंबाचा बराचसा तळ हवेवरच टेकलेला असतो. या कोनातून मेणाची ऊर्जा काढायला गेलात तर उत्तर चुकणारच.

पॅकिंगची फिल्म छापणाऱ्या कारखान्यात यंगचं समीकरण कुणी मांडत बसत नाही. तिथे डाइन पेन असतं, म्हणजे ठरावीक पृष्ठताणाचा द्रव भरलेलं पेन; त्यावरचा आकडा त्या पृष्ठताणाचा. 38 आकड्याच्या पेनने फिल्मवर रेघ ओढायची आणि दोन सेकंद बघायचं. रेघ अखंड राहिली तर फिल्मची पातळी निदान 38. तुटून तिचे मणी झाले तर पातळी कमी, शाई धरणार नाही. साध्या पॉलिथिनवर 38 ची रेघ तुटतेच, म्हणून छपाईआधी फिल्म कोरोना ट्रीटरखालून नेतात. तिथल्या विद्युत विसर्जनाने पृष्ठभागावर ऑक्सिजन असलेले ध्रुवीय गट तयार होतात आणि आकडा चढतो. पण रोल गोदामात पडून राहिला की ते गट हळूहळू आत वळतात, फिल्म घसरती राहावी म्हणून तिच्यात मिसळलेले पदार्थ वर येतात आणि आकडा पुन्हा उतरतो. म्हणून जुना रोल मशीनवर चढवण्याआधी पेनची रेघ पुन्हा एकदा ओढून बघतात.