मार्कोवा

मार्कोवा : पोलंडच्या आग्नेय भागात वान्त्सूत शहराजवळ वसलेले खेडे. दुसऱ्या महायुद्धात जिवावर उदार होऊन ज्यूंना घरात आसरा देणाऱ्या येथील शेतकरी कुटुंबांमुळे, आणि विशेषतः त्यांतील उल्मा कुटुंबाच्या हत्याकांडामुळे, ते ओळखले जाते.

जर्मनव्याप्त पोलंडमध्ये १५ ऑक्टोबर १९४१ च्या फर्मानानुसार, परवानगीविना घेट्टोबाहेर (ज्यूंना सक्तीने ठेवलेल्या वस्तीबाहेर) पडणाऱ्या ज्यूला आणि त्याला जाणूनबुजून थारा देणाऱ्यालाही देहान्ताची शिक्षा होती. प्रत्यक्षात ती अनेकदा आसरा देणाऱ्याच्या बायकामुलांनाही भोगावी लागे. धोका केवळ जर्मनांकडून नव्हता. शेतमालाचा ठरावीक वाटा सक्तीने जर्मनांना द्यावा लागत असताना घरात पाच-सात तोंडे वाढली, तर जास्तीची खरेदी शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटणे कठीण असे, आणि शेजारी काय करील याचा भरवसा नसे.

यूझेफ उल्मा (१९००–४४) हा फळझाडांची रोपवाटिका चालवणारा, मधमाश्या व रेशीमकिडे पाळणारा आणि छायाचित्रणाचा नाद असलेला शेतकरी होता. युद्धपूर्व मार्कोव्याची माणसे आज दिसतात ती बऱ्याच अंशी त्याच्याच छायाचित्रांतून. त्याने व त्याची पत्नी विक्तोर्या हिने बहुधा १९४२ च्या अखेरीस आपल्या लहानशा लाकडी घरात आठ ज्यूंना ठेवून घेतले : वान्त्सूतचे गुरांचे व्यापारी साउल गोल्डमन, त्यांचे चार मुलगे, गोल्दा ग्रुनफेल्ड, लेआ दिदनर आणि लेआची लहान मुलगी. ही माणसे माळ्यावर राहत. गोल्डमन पितापुत्र यूझेफला कातडी कमावण्याच्या कामात हातभारही लावत, म्हणजे लपलेले लोक त्या घराच्या रोजच्या कामकाजाचाच भाग झाले होते.

२४ मार्च १९४४ च्या पहाटे आयलर्ट डीकन याच्या हाताखालील जर्मन पोलीस, जर्मनांच्या हुकमतीखालील काही पोलिश पोलिसांसह, उल्मांच्या घरी आले. त्यांनी आधी ज्यूंना, मग यूझेफ व गरोदर विक्तोर्याला आणि शेवटी त्यांच्या सहा मुलांना गोळ्या घातल्या. मुलांपैकी थोरली स्तानिस्वावा सात वर्षांची होती. वेठीला धरून आणलेल्या गाडीवानांना हे सारे पाहणे भाग पडले. खबर दिल्याचा सबळ संशय वान्त्सूतमधील पोलिश पोलीस व्वोजिमिएश लेश याच्यावर आहे. गोल्डमनांची मालमत्ता त्याच्याकडे होती आणि ती परत करण्याची त्याची इच्छा नव्हती. पोलिश भूमिगतांनी त्याला त्याच वर्षी ठार केले. गोळ्या झाडणाऱ्यांपैकी योझेफ कोकोट याच्यावर १९५८ मध्ये पोलंडमध्ये खटला चालून तो तुरुंगातच मरण पावला. डीकन मात्र युद्धानंतर पश्चिम जर्मनीत पोलीस म्हणूनच नोकरी करत राहिला आणि कधीही न्यायालयासमोर उभा राहिला नाही.

या घटनेनंतर दहशतीने गावातील बाकीच्या घरांनी आपल्याकडील ज्यूंना बाहेर काढले असते, तर त्यात नवल नव्हते. तसे झाले नाही. शिलार कुटुंबाकडे वेल्ट्स कुटुंब आणि बार कुटुंबाकडे रीझेनबाख कुटुंब दडून राहिले. गावात अशा रीतीने सुमारे वीस ज्यू युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिले. मात्र याच गावात डिसेंबर १९४२ मध्ये, जर्मनांच्या हुकमावरून, लपलेल्या ज्यूंचा शोध घेण्यासाठी गावकऱ्यांनाच लावण्यात आले होते आणि सापडलेल्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मार्कोव्याचा इतिहास सांगताना या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात.

उल्मा दांपत्याला याद वाशेम या ज्यू संहाराच्या स्मृती जपणाऱ्या इस्रायली संस्थेने १९९५ मध्ये ‘राष्ट्रांमधील सज्जन’ (ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूएतरांना दिला जाणारा सन्मान) म्हणून गौरविले. हा सन्मान मिळालेल्या पोलिश नागरिकांची संख्या सात हजारांवर असून ती कोणत्याही देशापेक्षा अधिक आहे. ज्यूंना वाचवणाऱ्या पोलिश लोकांचे संग्रहालय मार्कोव्यात २०१६ मध्ये उघडले, आणि २४ मार्च हा दिवस २०१८ पासून पोलंडमध्ये त्यांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस आहे. १० सप्टेंबर २०२३ रोजी कॅथलिक चर्चने विक्तोर्याच्या पोटातील बाळासह संपूर्ण उल्मा कुटुंबाला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. आसरा देणारे हे अपवाद होते की पोलिश समाजाचे प्रातिनिधिक रूप होते, याविषयी पोलंडमधील इतिहासकार व राजकारणी यांच्यात तीव्र वाद आहे आणि मार्कोव्याचे नाव त्यात दोन्ही बाजूंकडून घेतले जाते.