फ्योर्डातील पिंजरा आणि खुल्या समुद्रातील पिंजरा: भोवतालच्या पाण्याचे काय होते?

किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात तरंगणारे जाळ्याचे पिंजरे आणि किनाऱ्यापासून दूर, लाटांच्या माऱ्यात उभारलेले पिंजरे, दोन्हींना आपण सरसकट सागरी मत्स्यशेती म्हणतो. नॉर्वेतील सॅमनशेतीची चर्चा निघाली की हा घोळ हमखास होतो. फ्योर्डाच्या, म्हणजे तेथील अरुंद, खोल खाडीच्या, तळावरील काळ्या गाळाची छायाचित्रे खुल्या समुद्रातील प्रकल्पाविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली जातात आणि दूरच्या समुद्रातील पाण्याचे निर्मळ नमुने साऱ्या मत्स्यशेतीच्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून पुढे केले जातात. दोन्ही पुरावे खरे असले, तरी ते भलत्याच जागी वापरलेले असतात.

आधी समान काय ते पाहू. मासा तोच आणि खाद्यही तेच, त्यामुळे पिंजऱ्यातून बाहेर पडणारी द्रव्येही तीच. एक किलो सॅमन वाढवायला साधारण १.१ ते १.२ किलो खाद्य लागते आणि त्या खाद्यातील निम्म्याहून अधिक नायट्रोजन माशाच्या अंगी न लागता समुद्रात जातो. हजार टन सॅमनमागे हा नायट्रोजन ढोबळमानाने ४० ते ५० टन भरतो. त्याचा मोठा वाटा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने थेट पाण्यात विरघळतो, तर उरलेला विष्ठेतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून तळाकडे जातो. फॉस्फरसचे गणित उलटे आहे. तो मुख्यतः घन कणांबरोबर खाली बसतो. पिंजरा किनाऱ्यापासून कितीही लांब नेला, तरी या हिशेबात फरक पडत नाही. फरक पडतो तो ही द्रव्ये पुढे कुठे जातात यात.

फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली लांब, अरुंद आणि बहुधा फार खोल अशी खाडी. अनेक फ्योर्डांच्या मुखाशी पाण्याखाली एक उंचवटा असतो, त्यामुळे आतील खोल पाणी बाहेरच्या समुद्रात सहज मिसळत नाही. अशा ठिकाणी पिंजऱ्याखाली पडणारी विष्ठा कुजवताना जिवाणू तळावरचा प्राणवायू वापरून टाकतात. तो संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू पुढचे काम हाती घेतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, गाळ काळा पडतो आणि नमुना वर काढताच कुजक्या अंड्यांचा वास येतो. गाळावर जिवाणूंची पांढरी साय धरते, शिंपले आणि काटेरी समुद्री जीव नाहीसे होतात आणि कॅपिटेला नावाच्या बारीक कृमींची मात्र झुंबड उडते. म्हणूनच नॉर्वेत मासे काढून झाल्यावर जागा किमान दोन महिने रिकामी ठेवावी लागते आणि तळाची पाहणी ठरलेल्या मानकानुसार होते. आपल्या सिंधुदुर्गातील खाड्यांत जिताड्याचे जे पिंजरे आहेत, त्यांचा प्रश्नही, प्रमाण कितीतरी लहान असले तरी, याच जातीचा आहे: पाणी उथळ, तळ जवळ आणि सारी भिस्त भरती-ओहोटीवर.

आता खुला समुद्र. नॉर्वेच्या फ्रोहावेत भागात २०१७ साली उभा राहिलेला ‘ओशन फार्म १’ हा ११० मीटर व्यासाचा, अडीच लाख घनमीटर पाणी सामावणारा पोलादी सांगाडा या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. येथे काय बदलते ते साध्या हिशेबाने कळते. विष्ठेचा कण सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने बुडतो असे धरू. ३० मीटर खोल पाण्यात, सेकंदाला १० सेंटिमीटरचा प्रवाह असेल, तर तो दहा मिनिटांत ६० मीटरांवर जाऊन बसेल. १५० मीटर खोलीत आणि ४० सेंटिमीटरच्या प्रवाहात तोच कण पन्नास मिनिटांत १,२०० मीटर दूर गेलेला असेल. एकाच जागी थर साचण्याऐवजी घाण विस्तीर्ण तळावर विरळ पसरते आणि तळाला ती पचवायला अवधी मिळतो. विरघळलेला अमोनियाही इतक्या लवकर पातळ होतो की पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर तो भोवतालच्या पाण्याहून वेगळा ओळखू येत नाही.

मात्र यावरून ‘दूर म्हणजे सुरक्षित’ असे समीकरण मांडणे मला पटत नाही. निर्णायक ठरतात ती खोली, प्रवाह आणि तळावर काय आहे ही गोष्ट. भूमध्य समुद्राचे पाणी मुळात पोषकद्रव्यांनी गरीब. तेथे पोसिडोनिया या सागरी गवताची कुरणे वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतात आणि खुल्या किनाऱ्यावरील पिंजऱ्यांखालीही ती विरळ होऊन मेल्याचे आढळले आहे. शिवाय पिंजऱ्यांभोवती रानमासे जमतात आणि निसटलेले खाद्य बरेचसे तेच फस्त करतात, त्यामुळे तळ स्वच्छ दिसला तरी तेवढे खाद्य समुद्राच्या अन्नसाखळीत शिरलेलेच असते. जाळ्यांना लावलेले तांबेयुक्त लेप आणि सॅमनच्या उवांवरील (अंगाला चिकटणाऱ्या परजीवींवरील) औषधे यांनाही हेच लागू पडते: विरळ झाली, नाहीशी नव्हेत.

मोजमापाची पद्धतही म्हणून दोन्हीकडे एकच चालत नाही. फ्योर्डात पिंजऱ्याखालचा गाळ उपसून पाहिला की स्थिती बरीचशी कळते. खुल्या समुद्रात पाण्याच्या बाटलीभर नमुन्यात काही सापडले नाही, याचा अर्थ काही सोडले गेले नाही असा होत नाही. तेथे किती खाद्य टाकले आणि किती मासा निघाला याची नोंदवही पाण्याच्या नमुन्यापेक्षा अधिक बोलकी ठरते. एकाच प्रवाहाच्या वाटेवर असे अनेक प्रकल्प ओळीने उभे राहणार असतील, तर त्या सर्वांच्या नोंदी एकत्र बेरीज करून पाहाव्या लागतात, कारण एकेका प्रकल्पाची पाहणी निर्दोष ठरूनही एकूण भार वाढत गेलेला असू शकतो.