हायड्रो पास झालेली सुपरहीटर ट्यूब दीड महिन्यात का फुटते?

आम्ही साखर कारखान्यांना बॉयलरच्या ट्यूब पुरवतो. दर गळीत हंगामात हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. ट्यूब बदलली, हायड्रो (पाणी भरून केलेली दाबचाचणी) पास झाली, थेंबभर गळती नव्हती. मग तिथंच पुन्हा कशी फुटली?

बहुतेक वेळा कारण एकच निघतं. सुपरहीटरमध्ये, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या कॉईलमध्ये, वॉटरवॉलची, म्हणजे भट्टीच्या भिंतीतली पाण्याची ट्यूब बसवलेली असते. व्यास तोच, जाडी तीच, स्टोअरमध्ये हाताशी होती आणि यार्डात उसाच्या गाड्या खोळंबलेल्या. ती घाई आम्ही समजू शकतो. पण वॉटरवॉलची ट्यूब साध्या कार्बन स्टीलची असते. आत उकळतं पाणी असल्यानं तिथं ती फार तापत नाही. ८७ बार, ५१५ अंशांच्या सहवीज बॉयलरमध्ये सुपरहीटरच्या शेवटच्या कॉईलचा धातू मात्र वाफेहूनही गरम, ५४० अंशांच्या आसपास असतो.

साधं पोलाद साधारण ४०० अंशांच्या पुढे गेलं की दाब सोसता सोसता कायमचं ताणत जातं. यालाच क्रीप म्हणतात. ट्यूब केसाकेसानं फुगते, धातूच्या कणांच्या सीमांवर बारीक पोकळ्या धरतात आणि त्या एकमेकींना मिळाल्या की उभी चीर जाते. हायड्रो होते थंड पाण्यानं. थंड ट्यूब दीडपट दाब सहज पेलते. त्यामुळे हायड्रोत वेल्डिंगची गळती कळते, क्रीपचा पत्ता लागत नाही.

म्हणून त्या जागी टी-२२ ग्रेडची ट्यूब लागते : सव्वादोन टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ट्यूब सारख्याच दिसतात, लोहचुंबकही दोन्हींना सारखाच चिकटतो. ओळख असते ती टोकावरच्या शिक्क्यात. स्टोअरमध्ये तुकडा कापताना नेमकं तेच टोक आधी जातं. कृपया बिनशिक्क्याच्या टोकाकडून कापा.

योग्य ट्यूबलाही आयुष्य असतंच. हिशेब साधारण १ लाख तासांचा धरतात. १५० दिवसांच्या हंगामाला ३६०० तास, म्हणजे २७-२८ हंगाम. पण धातू कायम १० अंशांनी जास्त तापत राहिला, तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. आत ऑक्साइडची खपली साचली की वाफेचा गारवा धातूला पोचत नाही आणि नेमकं हेच घडतं. म्हणून ऑफ सीझनमध्ये जाडीसोबत बाहेरचा व्यासही मोजा. जाडी ठीक असते आणि ४४.५ मिमीची ट्यूब ४५.५ भरते, असं आम्ही अनेकदा पाहिलं आहे. अशी कॉईल हंगामात नेऊ नका.

"नुसती ट्यूब द्यायला एवढे प्रश्न कशाला?" अशी तक्रार आमच्याबद्दल असते. ग्रेड, बॉयलरचा दाब-तापमान आणि कॉईलमधली जागा कळल्याशिवाय आम्ही माल सोडत नाही. प्रत्येक ट्यूब गाडीत चढण्याआधी पीएमआय यंत्रानं (धातूत कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते सांगणाऱ्या) तपासून तिच्यावर दोन्ही टोकांना शिक्का मारतो. यात अर्धा दिवस जातो, दरही थोडा जास्त पडतो. दुसऱ्यांदा बॉयलर थंड करून परत पेटवायला लागणारा वेळ त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून ही पद्धत आम्ही मोडत नाही.

तुमच्या बॉयलरचं ड्रॉइंग एकदा पाठवून ठेवलंत, तर जागेनुसार ग्रेडचा तक्ता आम्ही विनामूल्य करून देतो. मग जानेवारीत रात्री दोनला फोन आला तरी तक्त्यातला आकडा सांगितला की पुरे.

फुटलेला तुकडाही पाठवा, मात्र घासूनपुसून नको. फाटलेली कड जाड राहिली आहे की सुरीच्या पात्यासारखी पातळ झाली आहे, आत खपली किती आहे, यावरूनच क्रीप की अचानक वाफ तुटून ट्यूब तापली, हे आम्हाला सांगता येतं.